क्रूस जाळणारे खलनायक आणि आपण ख्रिस्ती वाचक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांच्या वाचनाविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत जी पत्रे प्रसिद्ध होत आहेत, त्यांपैकी एका पत्रात अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्सविषयी एक तक्रार होती. वर्णद्वेषाचा विषय निघाला की या चित्रकथांत खलनायक म्हणून हटकून बायबल हातात घेतलेला धर्मोपदेशक किंवा क्रूस मिरवणारा जमाव दाखवला जातो, आणि त्यामुळे ख्रिस्ती मुलांच्या मनात स्वतःच्या श्रद्धेविषयीच अढी बसते, असे पत्रलेखकांचे म्हणणे होते. त्यांची कळकळ मला समजते. मी प्रॉटेस्टंट मंडळीची सभासद आहे, संडे स्कूलमध्ये शिकवते आणि मुलांच्या हाती काय पडते याची काळजी मलाही आहे. तरीही ही तक्रार मला मान्य नाही, आणि माझे कारण थोडे विस्ताराने मांडण्याची परवानगी असावी. या चित्रकथांतला जळता क्रूस चित्रकारांनी कल्पनेतून काढलेला नाही. तो आपल्याच धर्मबांधवांनी पेटवला होता. शिवाय यांतल्या ज्या कथा खरोखर उत्तम आहेत, त्या सगळे पाप एका खलनायकाच्या माथी मारून मोकळ्या होत नाहीत. चारचौघांसारख्या, देवळात जाणाऱ्या, मुलांवर माया करणाऱ्या माणसांत ते कसे वस्ती करते हे त्या दाखवतात. ख्रिस्ती घरात त्या वाचल्या जाव्यात असे मला वाटते ते याच कारणाने.

प्रथम इतिहासाकडे पाहू. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी काळ्यांवर दहशत बसवणारी कू क्लक्स क्लान ही जी मूळ गुप्त संघटना स्थापन झाली, तिच्यात क्रूस जाळण्याची प्रथा नव्हती. ती कल्पना 1905 साली प्रसिद्ध झालेल्या एका कादंबरीतून आली, आणि त्या कादंबरीचा लेखक एके काळी बाप्टिस्ट धर्मोपदेशक होता. तीच कथा 1915 मध्ये मूकपटाच्या रूपाने देशभर गाजली, आणि त्याच वर्षी जॉर्जिया राज्यातील स्टोन माउंटन या टेकडीवर विल्यम सिमन्स याने क्रूस पेटवून क्लानचे पुनरुज्जीवन केले. हा सिमन्स पूर्वी मेथडिस्ट पाळक होता. पुढे 1920 च्या दशकात पांढरे झगे घातलेले क्लानचे सभासद रविवारच्या उपासनेत मंडळीसमोर येत आणि पाळकांच्या हाती देणगी ठेवत. कित्येक पाळकांनी ती स्वीकारली. त्याच्याही मागे गेलो, तर गुलामगिरीच्या प्रश्नावरून 1844 मध्ये मेथडिस्टांत आणि 1845 मध्ये बाप्टिस्टांत फूट पडलेली दिसते. दक्षिणेकडच्या बाप्टिस्टांनी गुलामगिरीच्या समर्थनाबद्दल जाहीर क्षमायाचना केली ती 1995 साली, म्हणजे दीडशे वर्षांनी. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात नोहा शाप देतो तो कनानाला. पण कनानाचा बाप हाम याच्या सगळ्या वंशाला, म्हणून आफ्रिकेतल्या सगळ्या माणसांना तो शाप लागू आहे, असे व्यासपीठांवरून पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. असा इतिहास ज्या देशाचा आहे, तिथला चित्रकथाकार वर्णद्वेषावर लिहायला बसला आणि त्याच्या चित्रात क्रूस आलाच नाही, तर तीच खरी लबाडी ठरेल.

आपल्या नगर जिल्ह्यातल्या वाचकांना हा इतिहास परका वाटू नये. इथल्या कित्येक मंडळ्यांची पायाभरणी बॉस्टनहून आलेल्या अमेरिकन मिशनने केली. ज्या दशकांत ही मंडळी इथे शाळा उघडून अस्पृश्यांच्या मुलामुलींना अक्षरे गिरवायला शिकवत होती, त्याच दशकांत त्यांच्या देशाच्या दक्षिणेतील धर्मोपदेशक, त्याच पवित्र शास्त्राच्या आधाराने, माणसांची खरेदीविक्री योग्य ठरवत होते. महात्मा फुले यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांना अर्पण केला, ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेले लोक होते. शास्त्र एकच आणि माणसे दोन टोकांची, हे आपल्या पूर्वजांना दिसले होते. मग आपल्याच मुलांपासून ते का लपवावे?

आता ज्या चित्रकथेमुळे हे पत्र लिहावेसे वाटले तिच्याविषयी. 1946 च्या जून महिन्यात अमेरिकेत सुपरमॅनच्या रेडिओ मालिकेत 16 भागांची एक कथा प्रसारित झाली. ली नावाचे एक चिनी कुटुंब मेट्रोपोलिस शहरात राहायला येते, त्यांचा मुलगा टॉमी बेसबॉलच्या संघात निवडला जातो, आणि झगेवाल्यांची एक गुप्त टोळी त्या कुटुंबाच्या अंगणात क्रूस पेटवते. टोळीचे नाव बदललेले होते, पण ती क्लानच आहे हे ऐकणाऱ्या प्रत्येक मुलाला कळत होते. महायुद्ध संपून वर्षही झाले नव्हते, दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा अद्याप वेगळ्या होत्या, आणि अशा काळात संध्याकाळी रेडिओला कान लावून बसणाऱ्या लहान मुलांना कोणीतरी हे सांगत होते. ही गोष्ट मला आजही मोठ्या धैर्याची वाटते.

याच कथेवरून जीन लुएन यांग या लेखकाने 2019-20 मध्ये ‘सुपरमॅन स्मॅशेस द क्लान’ ही तीन भागांची चित्रकथा लिहिली. तिची चित्रे गुरिहिरू या नावाने काम करणाऱ्या दोन जपानी स्त्रियांनी काढली आहेत. 2021 मध्ये तिला मुलांसाठीच्या उत्तम प्रकाशनाचा आणि उत्तम रूपांतराचा असे कॉमिक्सच्या क्षेत्रातले दोन मानाचे आयस्नर पुरस्कार मिळाले. यांग हे चिनी स्थलांतरितांच्या घरात वाढलेले अमेरिकन लेखक असून श्रद्धावान कॅथलिक आहेत, आणि कॅलिफोर्नियात ओकलंड येथील कॅथलिक शाळेत त्यांनी अनेक वर्षे संगणकशास्त्र शिकवले. सुपरहिरोंच्या कथा लिहिणारे सगळे श्रद्धेचे वैरी असतात असे ज्यांना वाटते, त्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

यांग यांनी रेडिओकथेत जी भर घातली, तीत त्या पुस्तकाचे मर्म आहे. त्यांनी टॉमीच्या बहिणीला, रॉबर्टाला, कथेच्या मध्यभागी आणले. चायनाटाउनमधले आपले घर सोडून गोऱ्यांच्या वस्तीत आलेली ही मुलगी सतत बुजलेली असते. आपला भाऊ स्वतःच्या चिनी असण्यावर विनोद करून सगळ्यांना हसवतो आणि त्यामुळे लवकर स्वीकारला जातो, हे तिला दिसते आणि सलते. वडील आईला घरातसुद्धा इंग्रजीच बोलायला लावतात. सुपरमॅनची अवस्थाही तशीच आहे. तो परग्रहावरून आलेला, म्हणजे त्या शहरातला सर्वांत मोठा उपरा. पण लोक घाबरतील म्हणून तो आपल्या काही शक्ती दाबून ठेवतो, उडण्याऐवजी विजेच्या तारांवरून धावतो. वर्णद्वेषाची झळ बसलेली माणसे स्वतःला किती लहान करून घेतात, हे मी इतक्या साध्या रीतीने मांडलेले क्वचित वाचले आहे. देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपाप्रमाणे निर्माण केले, हे उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायातले वचन आपण मुलांकडून पाठ करून घेतो. ते प्रतिरूप स्वतःच्याच चेहऱ्यात पाहायला ज्या मुलाला लाज वाटू लागते, त्याच्यावर काय गुदरते, हे समजावून सांगायला रॉबर्टाची कथा उपयोगी पडते.

दुसरे पात्र चक रिग्ज याचे. टॉमी संघात आल्यामुळे चकची गोलंदाजाची जागा जाते आणि तो धुमसू लागतो. त्याचा काका मॅट रिग्ज हा त्या टोळीचा स्थानिक म्होरक्या आहे, आणि हा काका घरात वाईट माणूस नाही. पुतण्यावर त्याचा जीव आहे, आणि त्याच मायेच्या हक्काने तो चकला क्रूस जाळण्याच्या रात्री आपल्याबरोबर नेतो. द्वेष मुलांना असाच मिळतो. घरातल्या वडीलधाऱ्या, प्रेमळ माणसाच्या हातून, जेवणाच्या ताटाबरोबर. पुढे चकचे मन त्याला स्वस्थ बसू देत नाही आणि तो सत्याच्या बाजूने उभा राहतो. ज्याला आपण पश्चात्ताप म्हणतो, तो इथे व्यासपीठावरच्या शब्दांवाचून घडतो. त्याच रेडिओकथेत आणखी एक प्रसंग आहे, ज्यात टोळीचा राष्ट्रीय पातळीवरचा प्रमुख मॅट रिग्जच्या भाबडेपणाची कीव करतो. एक वंश, एक धर्म, एक रंग या घोषणांवर त्याचा स्वतःचा काडीचा विश्वास नाही. झगे विकावेत, वर्गण्या गोळा कराव्यात एवढाच त्याचा धंदा आहे. 1946 साली मुलांना हे सांगितले गेले, याचे मोल मोठे आहे. द्वेष करणारे अनेकदा मनापासून करतात, पण द्वेष पुरवणारे तो माल म्हणून पुरवतात.

इथे कोणी ख्रिस्ती वाचक विचारील की, आपल्यातले पाप असे जगापुढे मांडण्याची काय गरज? मला उत्तर पवित्र शास्त्रातच दिसते. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात पेत्र यापोहून निघून कर्नेल्याच्या घरी जातो आणि देव पक्षपाती नाही हे त्याला उमगते. तेवढ्यावर कथा संपली असती तर फार सोयीचे झाले असते. पण गलतीकरांस पाठवलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तोच पेत्र, अंत्युखियात, परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंक्तीला बसून जेवत असतो आणि यरुशलेमेहून माणसे आल्याबरोबर त्यांच्या भीतीने पंक्तीतून उठून वेगळा होतो. पौल सर्वांसमक्ष, तोंडावर, त्याला दोष लावतो. प्रेषितांमध्ये अग्रणी असलेल्या माणसाची ही कसूर पहिल्या मंडळीने झाकून ठेवली नाही. ती आपल्या शास्त्रात लिहिलेली आहे आणि आपण ती उपासनेत मोठ्याने वाचतो. ज्या धर्माचे शास्त्र स्वतःच्या प्रेषिताला असे उघडे ठेवते, त्या धर्माच्या लोकांनी एका चित्रकथेतल्या काल्पनिक धर्मोपदेशकामुळे दुखावले जावे, हे मला पटत नाही.

त्या काल्पनिक धर्मोपदेशकाविषयी आता स्पष्टच लिहिते, कारण मूळ तक्रारीचा रोख बहुधा त्याच्यावर असावा. 1982 मध्ये क्रिस क्लेरमाँट यांनी लिहिलेली आणि ब्रेंट अँडरसन यांनी चितारलेली एक्स-मेन या म्यूटंट सुपरहिरोंच्या गटाची एक दीर्घ चित्रकथा प्रसिद्ध झाली, जिच्या शीर्षकाचा अर्थ ‘देव प्रीती करतो, माणूस जीव घेतो’ असा आहे. म्यूटंट, म्हणजे जन्मजात वेगळ्या शक्ती असलेल्या, लोकांविरुद्ध दूरचित्रवाणीवरून प्रचार करणारा रेव्हरंड विल्यम स्ट्रायकर हा तिच्यातला खलनायक. कथेच्या सुरुवातीलाच दोन लहान कृष्णवर्णीय भावंडांना त्याची माणसे ठार करतात आणि शाळेच्या मैदानातल्या झोपाळ्याला लटकावतात. सकाळी वर्गमित्रांच्या दृष्टीस ते पडू नये म्हणून ते मृतदेह खाली उतरवणारा माणूस आहे मॅग्निटो, जो नाझी छळछावणीतून वाचलेला आहे. स्ट्रायकर जुन्या करारातली वचने मुखोद्गत म्हणतो. त्याने स्वतःच्या नवजात अर्भकाला आणि पत्नीला मारलेले आहे, कारण ते मूल म्यूटंट होते, आणि त्या हत्येला देवाची इच्छा हे नाव देऊन तो जगत आला आहे.

हे वाचताना मला वेदना झाल्या, हे मी लपवत नाही. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या शेवटच्या सभेत स्ट्रायकर एक्स-मेनमधल्या नाइटक्रॉलरकडे, निळ्या कातडीच्या आणि शेपटीच्या त्या सौम्य तरुणाकडे बोट दाखवतो आणि याला तुम्ही माणूस म्हणता का, असे विचारतो. त्यावर त्याच गटातली किटी प्राइड ही किशोरवयीन यहुदी मुलगी, तुमचा देव आणि माझा मित्र यांतून निवड करायची असेल तर मी मित्राला निवडीन, अशा अर्थाचे उत्तर देते. संडे स्कूलच्या शिक्षिकेला हे उत्तर प्रथम बोचतेच. पण किटी ज्याला नाकारते तो स्ट्रायकरने उभा केलेला देव आहे. आपल्यासमोर दिसणाऱ्या बंधूवर जो प्रीती करत नाही, त्याला न दिसणाऱ्या देवावर प्रीती करता येणार नाही, हे योहानाच्या पहिल्या पत्रातले वचन त्या मुलीला पाठ नसेल. तिने ते आचरून दाखवले. ज्या नाइटक्रॉलरला सैतान म्हणून हिणवले जाते, तोच या कथामालेत पुढे निष्ठावंत कॅथलिक म्हणून रंगवला गेला आहे. तेव्हा या लेखकांचा रोष ख्रिस्तावर आहे असे मला वाटत नाही. ख्रिस्ताचे नाव घेऊन ज्यांनी मुलांना लटकावले, त्यांच्यावर तो आहे, आणि तो असायलाच हवा.

या चित्रकथांत उणिवा नाहीत असे मी म्हणणार नाही, आणि माझ्या मते खऱ्या उणिवा त्या पत्रात सांगितलेल्यांपेक्षा वेगळ्या आहेत. एक्स-मेन 1963 मध्ये प्रथम आले तेव्हा छळल्या जाणाऱ्या अल्पसंख्याकांचे प्रतीक म्हणून उभे केलेले ते पाचही तरुण आणि त्यांचे गुरू गोरेच होते. रूपकाचा आडोसा घेऊन खऱ्या माणसांचा चेहरा टाळता येतो, ही या प्रकारातली जुनी अडचण आहे. सुपरहिरोंच्या लेखकांना ती जाणवली होती, हे 1970 सालच्या, अंतराळात गस्त घालणाऱ्या ग्रीन लँटर्न या सुपरहिरोच्या एका अंकात दिसते. एक वृद्ध कृष्णवर्णीय माणूस त्या अंतराळवीराला विचारतो की, दूरच्या ग्रहांवरच्या निळ्या, नारिंगी आणि जांभळ्या कातडीच्या लोकांसाठी तुम्ही पुष्कळ केलेत, मग काळ्या कातडीच्या लोकांसाठी का काही केले नाही? नायक मान खाली घालतो. डेनिस ओनील आणि नील अ‍ॅडम्स यांची ती दोनतीन चित्रे अजून लोकांच्या लक्षात आहेत. 1976 मध्ये ब्लॅक पँथर हा कृष्णवर्णीय सुपरहिरो जॉर्जियात क्लानशी लढतो आणि त्याला जळत्या क्रूसाला बांधले जाते, ही कथा तर पुरी होण्याआधीच ते मासिक बंद पडले. क्रूसावर बांधलेला काळा माणूस हे चित्र पाहून मला जेम्स कोन या कृष्णवर्णीय धर्मचिंतकाची आठवण होते. ख्रिस्ताचा वधस्तंभ आणि जमावाने माणसे लटकावलेले दक्षिणेतले झाड ही दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय अमेरिकेतल्या ख्रिस्ती माणसाला आपला विश्वास समजणार नाही, असे ते आग्रहाने सांगत.

2003 मध्ये आलेल्या ‘ट्रुथ’ या सात अंकी कथेचा उल्लेख मी मुद्दाम करते, कारण तिच्यात रूपकाचा आडोसा जवळपास नाही. अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे 1932 पासून 1972 पर्यंत अमेरिकन सरकारच्या आरोग्य खात्याने शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश उपचारावाचून वाढू दिला, तो केवळ रोग कसा वाढतो हे पाहण्यासाठी. रॉबर्ट मोरालेस आणि काइल बेकर यांनी त्यावरून अशी कल्पना केली की, कॅप्टन अमेरिका या सुपरहिरोला बलवान करणारे औषध आधी काळ्या सैनिकांवर अजमावले गेले असेल. त्यांतून आयझाया ब्रॅडली हा एकटा जगतो, त्या गणवेशात लढतो, आणि परतल्यावर त्याच्या वाट्याला तुरुंग येतो. यशयाच्या 53 व्या अध्यायातला, तुच्छ मानलेला, आपल्या तोंडून शब्द न काढणारा सेवक वाचताना आपण क्षणभर थांबतो; या पुस्तकाची शेवटची पाने वाचताना मी तशीच थांबले.

ख्रिस्ती वाचकांना आणखी एक शंका येते आणि ती मात्र मला वजनदार वाटते. सुपरहिरो हा बळाने तारणारा आहे. आपला तारणारा देवदूतांच्या बारा सैन्यांपेक्षा अधिक बोलावू शकत असताना त्यांना न बोलावता वधस्तंभावर गेला. मुलांना ठोसा मारणाऱ्या उद्धारकाची सवय लागली, तर वर्णद्वेष म्हणजे कोणीतरी बाहेरचा दुष्ट, त्याला बदडले की प्रश्न मिटला, असे त्यांना वाटू लागेल. सुमार कॉमिक्समध्ये हेच घडते आणि ती मुलांनी वाचली नाहीत तरी काही बिघडत नाही. पण यांग यांच्या कथेत सुपरमॅनचे बाहुबळ टोळी पकडायला पुरते, चकचे मन बदलायला ते पुरत नाही, हे लेखकाने नीट जाणले आहे. 1953 मध्ये ईसी या प्रकाशनसंस्थेने छापलेल्या ‘जजमेंट डे’ या छोट्या विज्ञानकथेत तर हाणामारी अजिबात नाही. टार्लटन नावाचा पृथ्वीवरचा निरीक्षक यंत्रमानवांच्या ग्रहावर जातो, नारिंगी यंत्रमानव निळ्यांना वेगळ्या वस्तीत आणि बसच्या मागच्या बाकांवर बसवतात हे पाहतो, दोघांच्या आतले भाग अगदी एकसारखे असून फरक फक्त वरच्या आवरणाचा आहे हेही पाहतो, आणि तुम्ही अजून आमच्या संघात येण्यास पात्र नाही एवढे सांगून निघतो. शेवटच्या चौकटीत तो शिरस्त्राण काढतो आणि वाचकाला प्रथमच दिसते की तो कृष्णवर्णीय आहे. 1956 च्या सुमारास ही कथा पुन्हा छापायची ठरली, तेव्हा कॉमिक्सच्या नैतिकतेवर देखरेख करणाऱ्या संहितेच्या प्रशासकाने तो माणूस काळा नसावा अशी मागणी केली. त्याच संहितेत कोणत्याही धर्माची वा वंशाची टिंगल करू नये असे कलम होते. प्रकाशक विल्यम गेन्स आणि लेखक अल फेल्डस्टाइन यांनी नकार दिला आणि कथा होती तशी छापली. त्याआधी, 1940 च्या दशकाच्या अखेरीस, काही कॅथलिक शाळांनी मुलांना घरोघरची कॉमिक्स गोळा करायला लावून शाळेच्या आवारात त्यांची होळी केली होती. मुलांच्या आत्म्याची काळजी करणारी ती प्रामाणिक माणसे होती. काय जाळायचे आणि कशाविरुद्ध बोलायचे, याची त्यांची निवड चुकली, असे मला आज दुःखाने म्हणावे लागते, आणि आपल्या पुरवणीतले ते पत्र वाचताना मला तीच भीती वाटली.

सुपरहिरो नसलेल्या एका कॉमिकचाही इथे उल्लेख हवा. 1957 च्या अखेरीस फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन या शांततावादी संस्थेने माँटगोमेरी शहरात काळ्यांना बसमध्ये वेगळे बसवण्याविरुद्ध झालेल्या बहिष्कारावर आणि मार्टिन लूथर किंग यांच्यावर 16 पानांचे, 10 सेंटांचे एक कॉमिक काढले. शत्रूवर प्रीती करत अन्यायाला नकार कसा द्यावा, हे त्यात चित्रांतून शिकवले आहे, आणि त्यात गांधीजींच्या लढ्यालाही काही चौकटी दिलेल्या आहेत. दक्षिणेतल्या चळवळीतील तरुणांनी ते वाचले. जॉन लुईस त्यांतले एक, जे पुढे अमेरिकेच्या संसदेचे सदस्य झाले आणि आपल्या आठवणी चित्रकथेच्या रूपातच लिहून गेले. ख्रिस्ती श्रद्धा आणि रंगीत कॉमिक यांचे वैर आहे असे मानणाऱ्यांनी ही पाने जरूर पाहावीत.

हेच किंग 1959 मध्ये भारतात आले असता, केरळमधील दलित मुलांच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख ‘अमेरिकेतून आलेले आपल्यासारखेच एक अस्पृश्य’ अशी करून दिली. त्यांना आधी धक्का बसला, थोडा रागही आला, आणि मग ते खरेच आहे हे त्यांनी मान्य केले. पुढे 1965 मध्ये आपल्या मंडळीपुढे उपदेश करताना त्यांनी ही हकीकत स्वतः सांगितली. आपल्या मंडळ्यांनी हा आरसा टाळू नये. दक्षिण भारतातल्या काही दफनभूमींत दलित ख्रिस्ती बांधवांच्या कबरी वेगळ्या करणाऱ्या भिंती उभ्या राहिल्या, आणि आपल्याकडेही सोयरीक जुळवताना बाप्तिस्म्याच्या आधीची जात हळूच विचारली जाते, हे माझ्या पिढीतल्या कोणालाही नाकारता येणार नाही. ली कुटुंबाच्या अंगणातला क्रूस परदेशातला असला, तरी पंगतीतून उठून जाणारा पेत्र आपल्या ओळखीचा आहे.

पालकांसाठी काही व्यावहारिक सूचना करून पत्र पुरे करते. ‘सुपरमॅन स्मॅशेस द क्लान’ दहा-अकरा वर्षांच्या मुलाला निर्धास्तपणे देता येईल. मात्र क्रूस जाळण्याची पाने पहिल्यांदा त्याच्या शेजारी बसून वाचावीत आणि त्यामागचा खरा इतिहास आपण होऊन सांगावा. पुस्तकाच्या शेवटी यांग यांनी क्लानविषयी आणि स्वतःच्या लहानपणाविषयी लिहिले आहे, तेही वगळू नये. स्ट्रायकरची कथा सोळा वर्षांच्या आतील मुलांना देऊ नये, कारण तिच्यातली हिंसा आणि एका ठिकाणी आलेला कृष्णवर्णीयांविषयीचा अपशब्द या दोन्ही गोष्टी समजून घ्यायला वय लागते. तरुण संघात मात्र ती गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाबरोबर वाचावी. ‘ट्रुथ’ प्रौढांसाठी आहे. ही सगळी पुस्तके आज इंग्रजीतच वाचावी लागतात, आणि मराठी माध्यमातल्या मुलांपर्यंत ती पोचत नाहीत. आपल्या पुरवणीने मुलांच्या वाचनाची चर्चा सुरू केलीच आहे, तर मराठी प्रकाशकांनी निदान यांग यांच्या पुस्तकाच्या अनुवादाचे हक्क मिळवण्याचा प्रयत्न करावा, हे आवाहन आपल्या स्तंभातून त्यांच्यापर्यंत पोचवावे, अशी विनंती आहे. अनुवादाची मुद्रिते तपासण्यासाठी किंवा पवित्र शास्त्रातले संदर्भ पाहण्यासाठी मदत लागल्यास ती मी विनामूल्य करीन.

आपली विश्वासू,
एक वाचक, अहिल्यानगर